धिंगरी अळिंबी : आनुवंशिकी आणि प्रदूषण निवारण

क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा वाई, माहुली, कराड या तीर्थक्षेत्रांवरून वाहत सांगलीकडे येते. वाटेत माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा तिला येऊन मिळतात. या नदीने सातारा व सांगली जिल्ह्यांना ऊस दिला, हळद दिली, द्राक्षमळे दिले. साखर कारखाने, आसवन्या, यंत्रमाग आणि बाजारपेठा याच पाण्याच्या आधारे उभ्या राहिल्या. परंतु समृद्धीबरोबर टाकाऊ पदार्थही येतात. उसाचे पाचट शेतात पेटविले जाते, आसवनीचे तपकिरी सांडपाणी आणि कापडाचे रंग यांची विल्हेवाट ही मोठी समस्या होऊन बसते, तर द्राक्षबागेतील औषधांचा अंश मातीत साठत राहतो.

या प्रश्नांवरील उपायांचा विचार करताना शास्त्रज्ञांचे लक्ष एका साध्या खाद्य वनस्पतीसदृश जीवाकडे वेधले गेले. तो जीव म्हणजे धिंगरी अळिंबी. भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर वाढणारी ही शिंपल्याच्या आकाराची अळिंबी आता आपल्या बाजारपेठांत परिचित झाली आहे. अनेक महिला बचत गटांनी तिचे उत्पादन घेतले आहे. हीच अळिंबी काही घातक रसायनांचे विघटन करू शकते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. ही शक्ती तिच्यात कोठून येते, तिच्या आनुवंशिकतेचे वैशिष्ट्य काय, आपल्या दोन जिल्ह्यांत तिचा उपयोग कितपत होईल आणि कोठे सावध राहावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अळिंबी म्हणजे काय?

पावसाळ्यात पाटण, जावळी, शिराळा या डोंगराळ तालुक्यांत वारुळांजवळ आणि कुजक्या ओंडक्यांवर छत्र्या उगवलेल्या आपण पाहतो. ज्याला आपण अळिंबी म्हणतो ते या जीवाचे केवळ फळ होय. खरा जीव म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा काडात पसरलेले कापसासारखे पांढऱ्या तंतूंचे जाळे. त्यास कवकजाल असे म्हणतात. कवकात हरितद्रव्य नसते. त्यामुळे ते सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. ते आपले पाचक रस शरीराबाहेर सोडते, भोवतालचा पदार्थ तेथेच पचविते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. माणूस अन्न पोटात घेऊन पचवितो, कवक अन्नातच राहून ते पचविते. प्रदूषण निवारणाची सारी शक्यता या एका गोष्टीत सामावलेली आहे.

धिंगरीची शास्त्रीय लागवड जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात झाडांच्या बुंध्यांवर सुरू झाली. आपल्या देशात म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या काडावर धिंगरी वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९७४ च्या सुमारास जंडाईक व कपूर यांनी हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या जातीच्या झुडपाच्या खोडावर आढळलेला प्रकार लागवडीखाली आणला. उष्ण हवामानात चांगला वाढणारा हा प्रकार देशभर पसरला. १९८३ पासून हिमाचल प्रदेशातील सोलन हे अळिंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र झाले. अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे महाराष्ट्रातील केंद्र पुणे येथील कृषी महाविद्यालयात आहे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे ज्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्याच विद्यापीठाचे हे महाविद्यालय होय.

लाकूड पचविणारी विकरे

वनस्पतीच्या काष्ठात सेल्युलोज आणि लिग्निन हे दोन मुख्य पदार्थ असतात. घराच्या भिंतीची उपमा द्यावयाची तर सेल्युलोज म्हणजे विटा आणि लिग्निन म्हणजे त्यांना घट्ट धरणारा चुना. सेल्युलोजची रचना एकसारख्या कड्यांच्या साखळीची असल्याने ती तोडणारे जीव पुष्कळ आहेत. लिग्निनची रचना मात्र अनियमित आणि गुंतागुंतीची असते. ते तोडणे फार थोड्या जीवांना साधते. ज्या कवकांना ते साधते त्यांच्यामुळे लाकडाचा तपकिरी रंग जाऊन ते पांढरट व तंतुमय होते, म्हणून त्यांना श्वेतकूज कवके म्हणतात. धिंगरी ही त्यांपैकीच एक.

लिग्निन तोडण्यासाठी धिंगरी प्रामुख्याने तीन प्रकारची विकरे वापरते. पहिले लॅकेस. या विकराच्या रेणूत तांब्याचे अणू असतात. १८८३ मध्ये योशिदा या जपानी शास्त्रज्ञास लाखेच्या झाडाच्या चिकात ते प्रथम आढळले, त्यावरून त्यास हे नाव पडले. दुसरे मँगनीज पेरॉक्सिडेज आणि तिसरे बहुगुणी पेरॉक्सिडेज. कुलपाला नेमकी किल्ली लागते त्याप्रमाणे बहुतेक विकरे एका ठराविक रेणूवरच काम करतात. लिग्निनची रचना अनियमित असल्याने त्याच्यासाठी अशी एक किल्ली असणे शक्य नाही. म्हणून ही विकरे अत्यंत क्रियाशील कण निर्माण करतात आणि ते कण समोर येईल त्या वलयाकार रेणूवर आघात करतात. डिझेलमधील काही घटक, कीटकनाशके आणि कापडाचे रंग यांची रासायनिक रचना बरीचशी अशाच वलयांची असते. त्यामुळे लाकडासाठी निर्माण झालेले हे साधन मानवनिर्मित रसायनांवरही चालते.

ही गोष्ट १९८५ मध्ये जगासमोर आली. अमेरिकेतील संशोधकांनी धिंगरीच्याच गटातील दुसऱ्या एका श्वेतकूज कवकावर प्रयोग करून ते डीडीटी, लिंडेन आणि इतर चिवट रसायनांचे विघटन करते असे दाखवून दिले. आपल्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व मोठे होते. भारतात १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात डीडीटीचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि शेतीतील त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. अशी रसायने मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात.

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

धिंगरीच्या आनुवंशिकतेची रचना प्राणी व वनस्पती यांच्याहून वेगळी आहे. अळिंबीच्या पाळ्यांवर कोट्यवधी बीजाणू तयार होतात. प्रत्येक बीजाणूत गुणसूत्रांचा एकच संच असतो. धिंगरीत या संचात ११ गुणसूत्रे असतात. बीजाणू रुजला की त्यापासून एककेंद्रकी तंतू निघतो. हा तंतू जगतो, वाढतो, परंतु सहसा त्याला फळ धरत नाही. फळ धरण्यासाठी त्याला दुसऱ्या अनुरूप तंतूशी संयोग करावा लागतो.

दोन तंतू एकत्र आले तरी त्यांची केंद्रके लगेच एकरूप होत नाहीत. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे स्वतंत्रपणे नांदावीत त्याप्रमाणे प्रत्येक पेशीत दोन केंद्रके शेजारी शेजारी राहतात. पेशीचे विभाजन होताना प्रत्येक नव्या पेशीत दोन्ही केंद्रकांचा एकेक वारस जावा, यासाठी तंतूच्या सांध्यावर एक लहानशी आकडी तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ही आकडी दिसली की तंतू द्विकेंद्रकी आहे, अर्थात फळ देण्यास समर्थ आहे, हे ओळखता येते. दोन केंद्रकांचा खरा संयोग अळिंबीच्या पाळ्यांवरील विशिष्ट पेशींत होतो. तेथेच गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि प्रत्येक पेशीतून चार नवे बीजाणू बाहेर पडतात.

कोणता तंतू कोणाशी संयोग करू शकेल, हे दोन जनुकस्थाने ठरवितात. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. संयोग यशस्वी होण्यासाठी दोन्ही तंतूंची अ स्थाने वेगळी असावी लागतात आणि ब स्थानेही वेगळी असावी लागतात. समजा एका अळिंबीच्या दोन केंद्रकांपैकी एकात अ१ व ब१ आहेत आणि दुसऱ्यात अ२ व ब२ आहेत. तिच्यापासून अ१ब१, अ१ब२, अ२ब१ आणि अ२ब२ असे चार प्रकारचे बीजाणू तयार होतील. अ१ब१ ची जुळणी केवळ अ२ब२ शी आणि अ१ब२ ची केवळ अ२ब१ शी होईल. म्हणजे एकाच अळिंबीची भावंडे एकत्र आणली तर चार जोड्यांपैकी सरासरी एकच जोडी जमेल. निसर्गात मात्र या स्थानांचे असंख्य प्रकार असल्याने परक्या अळिंबीच्या बीजाणूशी जुळणी बहुधा होतेच. आपल्याकडील सगोत्र विवाह टाळण्याच्या रूढीची आठवण करून देणारी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे निकटच्या संकरास आळा बसतो आणि जातीतील विविधता टिकून राहते.

स्वतःच्या अळिंबीपासून बियाणे का करू नये?

बचत गटांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास विचारला जातो. बियाणे विकत घ्यावयाचे ते आपणच का तयार करू नये? उत्तर वरील विवेचनात आहे. बीजाणू म्हणजे मूळ अळिंबीची हुबेहूब प्रत नसते. प्रत्येक बीजाणूत गुणधर्मांची नव्याने वाटणी झालेली असते. त्यापासून वाढलेली पिढी कमी उत्पन्न देणारी, उशिरा फळणारी किंवा रोगास बळी पडणारी निघू शकते. संकरित ज्वारीचे धान्य पुन्हा पेरल्यावर पीक एकसारखे येत नाही, हा अनुभव शेतकऱ्यांना आहेच.

म्हणून प्रयोगशाळेत बीजाणूऐवजी अळिंबीच्या आतील मांसल भागाचा सूक्ष्म तुकडा निर्जंतुक माध्यमावर वाढवितात. त्यात दोन्ही केंद्रके कायम राहतात आणि वाणाचे गुण टिकतात. हे संवर्धन उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर पसरविले की बियाणे तयार होते. येथेही एक मर्यादा आहे. एकाच संवर्धनापासून पुन्हा पुन्हा नवी संवर्धने करीत गेल्यास वाणाचा जोम घटतो. एखाद्या गावात पहिल्या वर्षी उत्तम आलेली अळिंबी तिसऱ्या वर्षी रोडावते, तेव्हा हवामानाप्रमाणे बियाण्याचा इतिहासही तपासावयास हवा. बियाणे कोणत्या वाणाचे, कोणत्या तारखेस तयार केलेले आणि मूळ संवर्धन कोठून आणलेले, ही माहिती पिशवीवर असावी, असा आग्रह गटांनी धरावा.

धिंगरीच्या बीजाणूंचा आणखी एक उपद्रव आहे. बंद खोलीत हवेत पसरलेले बीजाणू सतत श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना खोकला, ताप, धाप असा ॲलर्जीचा त्रास होतो. म्हणून तोडणी अळिंबीच्या कडा वर वळण्यापूर्वी करावी आणि काम करताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. बीजाणू न धरणारे वाण तयार करण्याचे प्रयत्न जपान व युरोपमध्ये यशस्वी झाले आहेत. गुणसूत्रांच्या विभाजनात काम करणारे एक जनुक निकामी झाले की बीजाणू तयार होत नाहीत, पण अळिंबी मात्र नेहमीप्रमाणे येते, असे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी धिंगरीच्या एका जातीत दाखविले.

जनुकसंचाचे वाचन

धिंगरीच्या जनुकसंचाचे संपूर्ण वाचन आता झालेले आहे. त्यासाठी स्पेनमधील संशोधकांनी एका व्यापारी वाणातील दोन केंद्रके वेगळी करून त्यांचे स्वतंत्र तंतू वाढविले आणि अमेरिकेतील प्रयोगशाळेच्या साहाय्याने दोन्ही संच वाचले. प्रत्येक संचात सुमारे साडेतीन कोटी रासायनिक अक्षरे आणि सुमारे १२,००० जनुके आढळली. मानवी संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, हे लक्षात घेता हा ग्रंथ लहान असला तरी त्यातील लाकूड पचविण्याचे प्रकरण फार समृद्ध आहे. लॅकेस वर्गाची सुमारे डझनभर जनुके आणि पेरॉक्सिडेज वर्गाची नऊ जनुके त्यात सापडली.

एकाच कामासाठी इतकी जनुके कशासाठी? परिस्थितीनुसार त्यांपैकी वेगवेगळी जनुके कार्यान्वित होतात. माध्यमात मँगनीज भरपूर असेल तर एक गट पुढे येतो, ते कमी असेल तर दुसरा. माध्यमात थोडे तांबे घातले की लॅकेसचे उत्पादन वाढते. म्हणजे जनुकांत बदल न करता, केवळ योग्य वाण निवडून व योग्य खाद्य देऊन कवकाची शुद्धीकरणाची क्षमता वाढविता येते. २०२१ मध्ये धिंगरीच्या जनुकांत क्रिस्पर तंत्राने नेमका बदल करण्यातही यश आले आहे. परंतु असे जीव खुल्या शेतात सोडण्याचा प्रश्न वेगळा असून त्यास कायद्याने परवानगी आवश्यक असते. ग्रामपातळीवरील कामासाठी निवड आणि संकर या जुन्या पद्धतींनी मिळालेले वाण पुरेसे आहेत.

प्रयोगशाळेतून शेताकडे

परदेशांतील एका प्रयोगाचा उल्लेख नेहमी केला जातो. १९९८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे वाहनतळाच्या डिझेलने दूषित झालेल्या मातीचे ढीग करून एका ढिगात धिंगरीचे कवकजाल मिसळले. काही आठवड्यांत तो ढीग फिकट रंगाचा झाला, त्यावर अळिंबी उगवली, पुढे कीटक, पक्षी आणि गवतही आले, असे प्रयोगकर्त्यांनी नोंदविले. इतर ढीग मात्र काळे व दुर्गंधीयुक्त राहिले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील मोठ्या वणव्यांनंतर जळालेल्या घरांची विषारी राख ओढ्यांत जाऊ नये म्हणून धिंगरीचे कवकजाल भरलेल्या काडाच्या गुंडाळ्या उतारावर टाकण्यात आल्या.

अशा यशकथांबरोबर अडचणीही ध्यानात घ्यावयास हव्यात. प्रयोगशाळेतील निर्जंतुक बाटलीत जे आठ दिवसांत घडते ते उघड्या मातीत महिनोन्महिने घडत नाही. मातीतील इतर जंतू कवकाशी स्पर्धा करतात. कवकाला स्वतःचे अन्न म्हणून काड किंवा लाकडाचा भुसा द्यावाच लागतो, कारण ते दूषित रसायनावर एकट्याने जगत नाही. ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. जतच्या किंवा आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडे कवकजाल टिकणार नाही.

सातारा व सांगली यांच्यापुढील प्रश्न

उसाचे पाचट : ऊसतोडणीनंतर हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट शेतात राहते. ते पेटविल्याने धूर होतो, सेंद्रिय कर्ब जळतो आणि जमिनीतील उपयुक्त जीव मरतात. पाचटावर धिंगरी वाढते, मात्र उत्पन्न भात, गहू वा सोयाबीनच्या काडापेक्षा सहसा कमी येते. येथे प्रमाणाचा हिशेब करून पाहावा. एका पिशवीत २ किलो कोरडे काड धरले तर ५०० पिशव्यांच्या शेडला एका वेळी १ टन लागते. एका हेक्टरचे पाचट संपविण्यास अशा शेडला ८ ते १० हंगाम लागतील. म्हणून पाचटाच्या प्रश्नावर मुख्य उपाय ते सरीत कुजविणे हाच होय. प्रति टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू संवर्धन हे त्याचे प्रमाण आहे. अळिंबी हा त्याला जोडून येणारा व्यवसाय आहे.

आसवनीचे सांडपाणी : मळीपासून एक लिटर मद्यार्क करताना साधारण १० ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्यातून बायोगॅस काढून घेतल्यावरही गडद तपकिरी रंग उरतो. हा रंग श्वेतकूज कवके कमी करू शकतात, परंतु त्यासाठी सांडपाणी पुष्कळ पातळ करावे लागते आणि कवकाला साखरेसारखे खाद्य पुरवावे लागते. कारखान्याच्या रोजच्या प्रचंड प्रमाणापुढे हा उपाय अद्याप पूरक स्वरूपाचाच आहे. सांडपाणी नदीत न सोडणे ही उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती कोणत्याही कवकावर ढकलता येणार नाही.

कापडाचे रंग : विटा परिसरातील यंत्रमाग आणि शेजारच्या इचलकरंजीतील रंगप्रक्रिया यांमुळे हा प्रश्न आपल्या निकटचा आहे. कोल्हापूर, सांगली व सातारा हे कार्यक्षेत्र असलेल्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी सूक्ष्मजीव आणि वनस्पती यांच्या साहाय्याने कापडाच्या रंगांचे विघटन करण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. धिंगरीच्या लॅकेसनेही अनेक रंग फिके होतात. परंतु रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. रंगाचा रेणू तुटून जे तुकडे उरतात ते निरुपद्रवी आहेत की नाहीत, हे तपासल्याशिवाय ते पाणी शेताला देऊ नये.

द्राक्षबागेची माती : तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांत केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले जाते. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत एका वाढरोधकाचा अंश आढळल्याने ती युरोपात नाकारली गेली, तेव्हापासून औषधांच्या अंशाचे भान सर्वांना आले. सेंद्रिय औषधांचे काही अंश कवक तोडू शकेल. तांबे मात्र मूलद्रव्य आहे. ते तुटत नाही, नाहीसे होत नाही. थोडे तांबे लॅकेसला चालना देते, तर जास्त झाले की कवकालाही मारक ठरते. अशा मातीत तांब्याचा वापर कमी करणे हाच खरा उपाय होय. बागेतील बुरशीनाशके कवकावरही परिणाम करतात, हेही विसरून चालणार नाही.

नागरी मैला : सांगलीतील शेरी नाल्यासारखे प्रश्न घरगुती सांडपाण्याचे आहेत. त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्र हाच मार्ग आहे. अळिंबीचा तेथे विशेष उपयोग नाही.

ताटातील अळिंबी आणि सफाईची अळिंबी

सर्वांत महत्त्वाचा इशारा येथे द्यावयाचा आहे. जी अळिंबी मातीतील विष शोषते ती कधीही खाऊ नये, विकू नये आणि जनावरांना घालू नये. धिंगरी कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू आपल्या फळात साठविते. धुऊन, उकळून किंवा वाळवून धातू जात नाही. वाळविल्याने तर पाणी उडून वजनाच्या मानाने त्याचे प्रमाण वाढते. ज्या गावात एकाच गटाकडे दोन्ही कामे असतील तेथे जागा, अवजारे आणि काड पूर्णपणे वेगळे ठेवावे. सफाईच्या ढिगावर उगवलेली अळिंबी लहान असतानाच काढून दूषित कचऱ्याबरोबर तिची विल्हेवाट लावावी.

याचाच दुसरा अर्थ असा की खाण्यासाठी अळिंबी पिकविताना काड कोठून आले याची चौकशी केली पाहिजे. कारखान्याच्या नाल्याकाठचे, रस्त्याच्या कडेचे किंवा नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील काड घेऊ नये. काडाचे निर्जंतुकीकरण औषधाऐवजी गरम पाण्याने करणे अधिक चांगले. ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे रात्रभर भिजवून, ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवून निथळावेत. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा, इतका ओलावा ठेवून थरांमध्ये बियाणे पेरावे. २५ ते २८ अंश तापमानात १५ ते २० दिवसांत पिशवी पांढरी होते. नंतर पिशवी काढून, हवा खेळती ठेवून व पाणी शिंपडून ८० ते ९० टक्के आर्द्रता राखली की काही दिवसांत पहिली तोडणी मिळते. वाळलेल्या धिंगरीत साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. कुपोषणाच्या दृष्टीने हे मोल लहान नाही.

उरलेल्या काडाचा उपयोग

दोन्ही उद्दिष्टांचा सुरक्षित मेळ घालणारा एक मार्ग आहे. स्वच्छ काडावर खाण्याची अळिंबी घ्यावी आणि तिसऱ्या तोडणीनंतर उरलेले काड शुद्धीकरणासाठी वापरावे. या काडात जिवंत कवकजाल आणि विकरे शिल्लक असतात. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या जागेवर सांडलेले तेल, डिझेल पंपाभोवतीची काळी माती अशा मर्यादित ठिकाणी हे काड मातीत मिसळून, वर आच्छादन घालून आणि ओलावा राखून प्रयोग करता येईल. ढिगाखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे व पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नये, अन्यथा तेल झिरपून विहिरीत जाईल. सुरुवातीस व शेवटी मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. तपासणीविना केलेला प्रयोग हा केवळ समज होय. जेथे दूषित माती नसेल तेथे हेच काड उत्तम कंपोस्ट खत होते.

शाळेसाठी एक प्रयोग

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना पुढील प्रयोग सहज करता येईल. तीन सारख्या बाटल्यांत निळ्या शाईचे अत्यंत पातळ द्रावण घ्यावे. पहिली बाटली तशीच ठेवावी. दुसरीत अर्धा तास उकळून थंड केलेले अळिंबीचे उरलेले काड घालावे. तिसरीत तितक्याच वजनाचे न उकळलेले काड घालावे. पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी रंगाची तुलना करून नोंद ठेवावी.

दुसरी बाटली कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी विचारावा. काडाला रंग नुसता चिकटल्यानेही पाणी फिके दिसते. उकळल्याने कवक व विकरे नष्ट होतात, पण चिकटण्याचा गुण बराचसा राहतो. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या बाटलीतील फरक हाच कवकाच्या कामाचा पुरावा होय. फरक दिसला नाही तर तीही एक नोंदच आहे. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत आणि काड खड्ड्यात पुरावे.

पंचायतींनी काय करावे?

ग्रामपंचायतीने प्रथम गावातील दूषित जागांची यादी करावी आणि दूषण कशाचे आहे याची नोंद ठेवावी. रंग, तेल, कीटकनाशक, धातू आणि मैला यांवर एकच औषध लागू पडत नाही. कारखान्याच्या सांडपाण्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी, दिनांक व स्थळ नमूद करून करावी. १९७० पासून कार्यरत असलेल्या या मंडळास १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याखाली नमुने घेण्याचे व कारवाईचे अधिकार आहेत. अळिंबी लागवडीच्या प्रशिक्षणासाठी पुण्याचे कृषी महाविद्यालय तसेच सातारा जिल्ह्यातील बोरगाव व कालवडे येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि सांगली जिल्ह्यातील केंद्र यांच्याशी संपर्क साधावा. पाचट पेटविण्याविरुद्ध केवळ ठराव करून भागणार नाही. पाचट कुट्टी करणारे यंत्र आणि कुजविण्याचे संवर्धन वेळेवर मिळेल अशी व्यवस्था सहकारी संस्थांच्या मदतीने केली, तरच शेतकरी काडी लावणे सोडतील.

धिंगरी अळिंबी ही कृष्णाकाठच्या सर्व दुखण्यांवरील संजीवनी नाही. परंतु काडासारख्या टाकाऊ वस्तूपासून ती अन्न देते, उरलेल्या काडातून खत देते आणि योग्य ठिकाणी, योग्य तपासणीसह वापरल्यास मातीतील काही विषांचा भार हलका करते. तिच्या जनुकांत दडलेली ही शक्ती निसर्गाने लाकूड कुजविण्यासाठी निर्माण केली. तिचा उपयोग आपण विचाराने केला आणि मुळातच घाण कमी केली, तर महाबळेश्वरातून निघालेले निर्मळ पाणी सांगलीच्या घाटावरही निर्मळ दिसण्याच्या दिशेने एक पाऊल पडेल.